आवाज बसला म्हणजे कॅन्सरच का?

साईसच्चरितात नारायणगावच्या भीमाजी पाटलांची हकीकत आहे. क्षयाने खंगलेले हे गृहस्थ १९०९ साली शिर्डीस आले नि बरे होऊन परतले, असे दाभोळकर लिहितात. श्रद्धा ज्याची त्याची. पण त्या काळी क्षयावर रामबाण औषधच नव्हते, हे ध्यानात घ्यावे. स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ साली. आज शिर्डीत संस्थानचे साईनाथ रुग्णालय आहे, जवळच लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सरकारी दवाखान्यांतून क्षयाची औषधे फुकट मिळतात. तरीही हा रोग माणसाला फसवतो, डॉक्टरलासुद्धा!

क्षय फुफ्फुसातच राहतो अशी आपली समजूत. पण बेडक्याबरोबर वर येणारे जंतू स्वरयंत्रातही ठाण मांडतात. आवाज घोगरा होतो, आवंढा गिळताना कानापर्यंत कळ जाते, वजन उतरते. त्यातून गृहस्थ पन्नाशीचे, तंबाखूचे शौकीन! डॉक्टर घशात पाहतात तो स्वररज्जूवर लाल, खरबरीत गाठ. घरात कोणी हळूच 'कॅन्सर' म्हणते, आणि फराळाची चव जाते.

नुसत्या नजरेने याचा निवाडा मोठ्या तज्ज्ञालाही करता येत नाही. पूर्वी क्षयाची जखम बहुधा स्वरयंत्राच्या मागच्या भागात दिसे. हल्ली ती पुष्कळदा स्वररज्जूवरच गाठीसारखी उठते, म्हणून घोटाळा अधिक. उपदंश आणि काही बुरशीचे रोगही असेच सोंग घेतात. उत्तर मिळते ते गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. तुकडा काढला की रोग भडकतो, ही ओसरीवरची वैद्यकी सोडून द्या. मात्र तो सगळाच फॉर्मॅलिनमध्ये घालू नये. त्यात जंतू मरतात, मग ते वाढवून पाहता येत नाहीत. थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवावा, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणीही त्याच आठवड्यात उरकावी.

उलटही घडते बरे का! जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ साली बसला. विर्शोसारख्या पंडिताला तुकड्यात कर्करोग आढळला नाही, आणि लंडनच्या डॉ. मॅकेंझींनी शस्त्रक्रिया थोपवली. निघाला कर्करोगच. १८८८ साली गादीवर बसल्यापासून ९९ दिवसांत बादशहा गेला. तेव्हा एक अहवाल चांगला आला तरी आवाज सुधारत नसेल, तर पुन्हा तपासणी मागावी. क्वचित दोन्ही रोग एकाच घशात नांदतात.

क्षयच ठरला तर साधारण सहा महिने औषध. काही आठवड्यांत आवाज सुधारू लागतो, आणि नेमके तेव्हाच पुष्कळजण गोळ्या सोडतात! स्वरयंत्राचा क्षय खोकल्यातून, बोलण्यातूनही पसरतो. म्हणून घरातल्या मुलांची तपासणी करून घ्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि सर्दीपडसे नसता तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, तर ज्येष्ठमधाची कांडी बाजूला ठेवून कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावेत.