पोरगा ‘पोट दुखतंय’ म्हणतो तेव्हा

तेरा-चौदा वर्षांच्या पोराला रात्री कळ आली, की तो आईला उठवून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो. जांघेत दुखतंय म्हणायची त्याला लाज वाटते. मग ओवा चावायला देतात, पोट चोळतात आणि ‘सकाळी बघू’ म्हणून निजवतात. मला धास्ती वाटते ती या ‘सकाळी बघू’ची.

त्या कळेमागे कधी कधी अंडकोषाला पडलेला पीळ असतो. रक्तवाहिन्याच पिळल्या जातात, रक्त पोचत नाही. साधारण ६ तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. दिवस उलटला तर बहुधा काढूनच टाकावा लागतो. मार लागायलाच हवा असं नाही, झोपेतही हे होतं. पोर ओकतं, एक बाजू सुजते, वर ओढल्यासारखी दिसते, हात लावू देत नाही. अशा वेळी चोळायचं तर मुळीच नाही.

६ तास पुष्कळ वाटतात. पण मुरूडहून अलिबागचं रुग्णालय जवळपास ५० किलोमीटर, श्रीवर्धनहून त्याहून कितीतरी लांब. रात्री २ वाजता उठलेल्या पोराला घेऊन उजाडल्यावर निघालात, तर निम्म्याहून जास्त वेळ घरातच गेला. तेव्हा लगेच १०८ला फोन करा, आणि दुसरा फोन रुग्णालयात: आत्ता सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत का? नसतील तर पुढचं ठिकाण तिथूनच विचारून घ्या. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

जांघेतलं प्रत्येक दुखणं असं नसतं. पुळणीवर अनवाणी हुंदडताना पायाला कालव कापतं, जखम चिघळते आणि जांघेत अवधाण येतं. जखमेवर उपचार झाले की ते उतरतं. रडताना फुगणारी, निजल्यावर आत जाणारी गाठ म्हणजे हर्निया. तो मुलींनाही होतो, आणि त्याचं ऑपरेशन ठरवून करता येतं. मात्र गाठ कडक होऊन आत जाईना, पोर ओकू लागलं, तर तीच घाई. ताप आहे आणि पाय टेकवत नाही, तर खुब्यात पू झालेला असू शकतो; तिथेही थांबायचं नाही.

मुलींना पाळीबद्दल आया सांगतात. तसं बापांनी पोराला आधीच सांगून ठेवावं: तिथे दुखलं तर लाजू नकोस, रात्री कितीही वाजलेले असोत, मला उठव.