मीटर हा कारागिराचा तराजू आहे

किराणा दुकानदाराचा तराजू खोटा निघाला तर सारा मोहल्ला त्याला नावे ठेवतो. पण टीव्ही, फ्रिज, वायरिंग आणि मोटार वायंडिंगची कामे करणारे आपले असंख्य बांधव ज्या मल्टिमीटरच्या भरवशावर गिऱ्हाइकाकडून पैसे घेतात, तो मीटर खरा आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. मीटर हा कारागिराचा तराजूच आहे. माप-तोलात कमी करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी ताकीद आहे, ती फक्त धान्य-कपडा विकणाऱ्यांसाठी आहे, असे समजून आपण मोकळे होऊ नये.

उदाहरण साधे आहे. स्वस्त डिजिटल मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो पुष्कळदा दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवितो. कारागीर त्यावर विश्वास ठेवून गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझर घ्यायला सांगतो, किंवा चांगला पार्ट काढून नवा बसवितो. त्याची नियत साफ असते, पण भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो आणि नाव आपले खराब होते.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. बाजारात डीटी-८३० नमुन्याचे पिवळे मीटर ढिगाने मिळतात. त्यांपैकी बहुतेकांवर १० अँपिअरच्या सॉकेटपाशी ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेलेच असते. पिन चुकून त्या सॉकेटमध्ये राहिली आणि प्रोब मेन लाइनला लावले, तर थेट शॉर्ट होतो आणि मीटर हातातच फुटू शकतो. शिकाऊ मुलाला बॅटरीच्या सर्किटवर हात बसवायला तो मीटर ठीक आहे. पॅनेल बोर्डावर तो नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

जुन्या उस्तादांच्या टेबलावर ॲव्हो मीटर असे. लंडनच्या कंपनीने तो १९२३ साली बाजारात आणला. १९५१ चे त्याचे ‘मॉडेल ८’ सुधारणा होत होत २००८ पर्यंत बनत होते. बॅकेलाइटची भक्कम पेटी आणि जादा करंट आला की आपोआप तुटणारा कट-आउट, ही त्याची ओळख. बिघडला तर उघडून दुरुस्त करता येई. म्हणूनच बापाचा मीटर मुलाच्या कामी आला.

आजही घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. सर्व करंट रेंजला फ्यूज आहे काय, आणि तो काचेचा आहे की जास्त व्होल्टेजचा सिरॅमिक? सॉकेट घट्ट आहेत की हलतात? बॅटरीचे झाकण वेगळे आहे की दर वेळी सारा मीटर खोलावा लागतो? घराच्या प्लगपाशी काम करायचे तर ‘कॅट २’ आणि पॅनेलवर ‘कॅट ३’ असा शिक्का हवा. मात्र शिक्का कोणीही छापतो, म्हणून आतला फ्यूज पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. दुरुस्तीची सोय कोठे आहे, हेही विचारावे. आपल्या नाशिकमध्ये रिषभ आणि मोटवाने या कंपन्या मोजमापाची उपकरणे बनवितात, त्याची चौकशी करायला हरकत नाही. आणि मीटर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवावी. गळलेल्या बॅटरीने चांगले चांगले मीटर खाल्ले आहेत.

कोणी म्हणेल, रोज कमावून रोज खाणाऱ्याने महाग मीटर आणावा कोठून? प्रश्न रास्त आहे. पण दर वर्षी एक स्वस्त मीटर फेकणारा माणूस काही वर्षांत चांगल्या मीटरची किंमत मोजूनच बसतो. तरीही एकरकमी पैसे जमत नसतील, तर तेथे जमातीने पुढे यावे. लग्नाच्या मांडवासाठी आपण वर्गणी काढतो, मग हुनर जाणणाऱ्या तरुणाला अवजारासाठी कर्ज-ए-हसना का देऊ नये? व्याजाच्या हप्त्यापासून तो वाचेल आणि हप्त्याहप्त्याने रक्कम परत येऊन दुसऱ्याच्या कामी येईल. प्रत्येक मोहल्ल्यातील कारागिरांनी मिळून एक उत्तम मीटर प्रयोगशाळेतून तपासून आणावा आणि आपापले मीटर महिन्यातून एकदा त्याच्याशी ताडून पाहावेत.

हलाल रोजीसाठी नुसते कष्ट पुरत नाहीत, अवजारही खरे लागते. ज्याचा मीटर खरा, त्याचे बोलणे खरे, आणि गिऱ्हाईक त्याच्याच दारात पुन्हा येते.