शिडी नसलेली लीग आणि आमची पोरे

फुटबॉल हा आपल्या वर्तमानपत्राचा नेहमीचा विषय नाही. शिष्यवृत्ती रखडते, भरती लांबते, अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यासमोर बसावे लागते. एवढे प्रश्न असताना चेंडूमागे धावणाऱ्या बावीस जणांची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याचा प्रश्न रास्त आहे. तरीही देशातल्या फुटबॉल लीगच्या एका हंगामाची कथा चळवळीच्या माणसाने समजून घेतली पाहिजे. कारण ती कथा खेळाची कमी आणि दाराची जास्त आहे. आणि बंद दार म्हणजे काय, हे नाशिककरांना दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही.

जगभरच्या बहुतेक फुटबॉल लीगमध्ये एक साधा नियम असतो. खालच्या श्रेणीत जो संघ पहिला येतो तो वरच्या श्रेणीत जातो. वरच्या श्रेणीत जो शेवटचा येतो तो खाली उतरतो. मालक कोण, शहर केवढे, तिजोरीत किती पैसा, हे विचारले जात नाही. मैदानावरचे गुण हीच शिडी. गरीब वस्तीतला संघ या शिडीने वर चढू शकतो आणि श्रीमंताचा संघ खेळला नाही तर खाली येतो.

आता आपल्या देशात काय झाले ते पाहा. २०१५-१६ मध्ये आय-लीग ही देशाची अव्वल लीग होती. नऊ संघ खेळले. पुण्याच्या बांधकाम उद्योगसमूहाचा डीएसके शिवाजीयन्स हा संघ नवव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आला. मिझोरामचा ऐझॉल एफसी आठवा आला. नियमाने खाली कोण जायला हवे होते? शाळेतले पोरही सांगेल, की शेवटचा. पण डीएसकेला थेट प्रवेश मिळालेला होता. उद्योगसमूहांसाठी ठेवलेल्या त्या दारातून जो आत येतो त्याला काही काळ खाली उतरवायचे नाही, अशी सवलत होती. म्हणून शेवटचा वर राहिला आणि त्याच्या पुढे असलेला ऐझॉल खाली ढकलला गेला. आठवा नापास, नववा पास!

पुढे महासंघाच्या फेररचनेच्या प्रस्तावाला विरोध म्हणून गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब लीगमधून बाहेर पडले. जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आले. कुणी मोठ्या मनाने बोलावले नाही, गरज पडली म्हणून बोलावले.

आणि २०१६-१७ च्या त्याच हंगामात ऐझॉल देशाचा विजेता झाला! प्रशिक्षक होते खालिद जमील. त्याआधी सात वर्षे ते मुंबई एफसी सांभाळत होते. २०१६ मध्ये ते त्या क्लबपासून वेगळे झाले आणि डोंगरातल्या या छोट्या क्लबकडे गेले. मुंबईचा जयेश राणेही त्या संघात होता. बाकीचा कणा स्थानिक मिझो पोरांचा. २२ एप्रिल २०१७ ला त्यांनी ऐझॉलमध्ये बलाढ्य मोहन बागानला १-० ने हरवले. ३० एप्रिलला शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली आणि १८ सामन्यांत ३७ गुण करून विजेतेपद घेतले. मोहन बागानचे ३६ गुण झाले. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ही पहिली वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला, खाली घसरला आणि काही महिन्यांत बंदच पडला.

आदिवासी राज्यातला, कालपर्यंत बाहेर काढलेला संघ गुणवत्तेवर देशात पहिला येतो. आता तरी गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी त्याचे स्वागत करायला हवे होते. आरक्षणाचा विषय निघाला की ज्यांना मेरिट आठवते, त्यांचे मेरिट त्या वर्षी कुठे गेले होते? कारण तोवर २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग देशाची मुख्य लीग होण्याच्या वाटेवर होती. तिच्यात जागा मैदानावर मिळत नव्हती, बोली लावून मिळत होती. ऐझॉलने त्या लीगमध्ये प्रवेश मागितला, आमरण उपोषणाचा इशारा दिला. दार उघडले नाही. २०१७-१८ साठी दोन नवे संघ आत आले. एक बंगळुरू, जो त्या वर्षी आय-लीगमध्ये चौथा आला होता. दुसरा जमशेदपूर, जो त्याआधी अस्तित्वातच नव्हता. पहिला बाहेर, चौथा आत आणि जन्माला न आलेलाही आत! ऐझॉल त्या दारातून आजवर आत गेलेला नाही.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, की ज्याच्या मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरावे, खालचा कितीही लायक असो आणि वरचा कितीही नालायक. शंभर वर्षांनंतर कुणी खेळाची नवी इमारत बांधायला घेतो आणि तीही बिनजिन्याचीच बांधतो, तेव्हा हा निव्वळ धंद्याचा हिशेब आहे असे मानायला मन तयार होत नाही. कुणी म्हणेल, इथे जात कुठे आली, इथे तर पैसा आहे. बाबांनो, या देशात पैसा कोणत्या मजल्यावर साठला आहे, हे पाहिले की उत्तर मिळते. जन्माने मिळालेली जागा आणि पैशाने घेतलेली जागा यांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही जागा लायकीची परीक्षा द्यायला तयार नसतात.

खेळात जात नसते, हे वाक्यही आपण पुष्कळ ऐकले आहे. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या गोलंदाजीने नाव केले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद चर्मकाराच्या या मुलाला कधी मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळाले १९२३ मध्ये, तेही झगडून. म्हणजे चेंडू टाकायला हात चालतो, पण हुकूम द्यायला चालत नाही.

नव्या लीगचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०१० मध्ये महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना एका खासगी भागीदारीच्या हवाली केले. २०२३-२४ पासून आय-लीगचा विजेता वर येऊ लागला, पण २०२४-२५ पर्यंत वरून खाली कुणालाच उतरावे लागले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तो करार संपत होता. नवा करार होईना, म्हणून २०२५-२६ चा हंगामच लटकला आणि अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये आखूड स्वरूपात सुरू झाला. एक कागद संपला आणि देशाचा खेळ थांबला. पाया मैदानात नसला की असेच होते.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. नाशिकच्या सातपूर वसाहतीत ज्यांचा मोठा कारखाना आहे, त्या महिंद्र समूहाच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. २०१० मध्ये तो संघ बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, पुढे तोही गेला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये संपला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मालकाचे मन फिरले की संघ मिटतो आणि खेळाडू रस्त्यावर येतो. बालेवाडीचे क्रीडासंकुल सरकारचे, अंधेरीचे मुंबई महापालिकेचे. मैदान जनतेच्या पैशाचे आणि दाराची किल्ली मात्र खासगी खिशात! खासगी क्षेत्रात आरक्षण मागताना आपण हाच मुद्दा मांडत आलो आहोत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरला. म्हणजे नाशिकच्या मातीत दम नाही असे नाही. या दोघांच्या खेळात शेवटचा निकाल घड्याळ देते आणि घड्याळ आडनाव विचारत नाही. सांघिक खेळात मात्र घड्याळाच्या आधी दार लागते. फुलेनगरातला किंवा नाशिकरोडच्या वस्तीतला पोरगा अनवाणी कितीही चांगला खेळला, तरी त्याला पुढची पायरी कोणती, हे सांगणारा कुणी नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या 'झुंड'मुळे ते काम घराघरात पोहोचले. पण एका माणसाची तळमळ म्हणजे व्यवस्था नव्हे.

मग करायचे काय? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या सेनानींनी तो वर्षानुवर्षे लढवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि त्या दारावर आता शक्ती खर्च करू नका, असे बजावले. माणुसकीचा तो लढा आणि चेंडूचा खेळ यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण येवल्याचा धडा इथेही लागू पडतो. जे दार लायकी पाहत नाही त्याच्यापुढे आयुष्य घालवू नये. आपले घर आपण बांधावे.

मिझोरामने तेच केले. २०१२ मध्ये तिथे मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. स्थानिक केबलवाहिनीने सामने घराघरात दाखवले. दोनच वर्षांत मिझोरामने संतोष करंडक जिंकला आणि २०१७ मध्ये ऐझॉलने देश जिंकला. आधी गल्लीची लीग झाली, मग देशाची पाळी आली.

आपल्याकडे काय आहे? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. वाढदिवसाच्या साहेबांचे नाव दिलेला चषक होतो. दोन दिवस सामने, फोटो, बक्षीस, आणि वर्षभर शुकशुकाट. या चषकालाही शिडी नाही, हे आपण कबूल केले पाहिजे. वर्गणीतला काही भाग काढून प्रत्येक वस्तीचा एक संघ, दोन श्रेणी आणि वर्षभराची लीग उभी करता येणार नाही का? जिंकेल तो वर, हरेल तो खाली. मुलींचे संघही पहिल्या दिवसापासून हवेत. त्याच बरोबर महापालिकेकडे वस्तीच्या जवळ मैदान मागितले पाहिजे. वस्तीविकासाच्या निधीतून रस्ता, गटार, समाजमंदिर होते. तसे मैदान का होऊ नये, हा प्रश्न प्रभागातल्या लोकप्रतिनिधीला जाहीर सभेत विचारा.

ऐझॉलला आठवा क्रमांक सवलतीने ठेवता आला नाही, म्हणून त्याला पहिला क्रमांक कमवावा लागला. आपल्या पोरांनाही सवलत नको आहे. त्यांना शिडी हवी आहे. ती वरून कुणी सोडणार नाही, ती खालून आपल्यालाच उभी करावी लागेल.

जयभीम!