कॅमेरा मंजूर, विंडशील्ड नामंजूर

आर्थिक वर्ष सरत आले की अनुदान खर्ची टाकण्याची घाई सुरू होते, आणि त्या घाईत क्षेत्रीय चित्रणाच्या साहित्याच्या याद्यांवर जी कात्री चालते तिच्याविषयी तक्रार करणारी पत्रे या मासिकाकडे गेल्या काही महिन्यांपासून सातत्याने येत आहेत. पत्रलेखकांत लोकसाहित्याचे अध्यापक आहेत, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आहेत आणि एकट्याच्या बळावर माहितीपट करणारेही आहेत. तपशील निरनिराळे असले तरी गाऱ्हाणे एकच आहे. छाननी समिती कॅमेरा विनातक्रार मंजूर करते आणि आवाजाशी संबंध असलेल्या जवळपास प्रत्येक वस्तूवर हरकत घेते.

जात्यावरच्या ओव्यांचे दृक्‌श्राव्य संकलन करू पाहणाऱ्या एका प्रकल्पाची परत आलेली यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीत फोर-के कॅमेरा मंजूर झाला. स्वतंत्र मायक्रोफोनवर, कॅमेऱ्यात मायक्रोफोन अंगभूत असताना दुसरा कशाला, अशा आशयाचा शेरा पडला. मायक्रोफोनला वाऱ्यापासून वाचवणारे केसाळ आवरण, म्हणजे या व्यवसायात ज्याला विंडशील्ड किंवा ‘डेड कॅट’ म्हणतात ते, अनावश्यक म्हणून वगळले गेले. जादा बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे उपभोग्य वस्तू ठरल्यामुळे यंत्रसामग्रीच्या लेखाशीर्षातून बाहेर पडली, आणि उपभोग्य वस्तूंच्या लेखाशीर्षात तरतूद होती ती कागदाची आणि छपाईच्या शाईची. परिणामी विभागाच्या हाती एका बॅटरीचा आणि बिनकार्डाचा एक महागडा कॅमेरा आला. त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत झाली, उपयोगिता प्रमाणपत्रही गेले आणि लेखापरीक्षणाच्या दृष्टीने सारे यथास्थित पार पडले.

समितीने ज्याला चैन मानले ते या कामाचे मूळ आहे, हे पुन्हा सांगावे लागणे खेदाचे असले तरी सांगणे भाग आहे. उघड्या जागेत मायक्रोफोन आणि बोलणारा यांच्यातील अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या आवाजाची पातळी सहा डेसिबलने खाली येते. म्हणजे तीन मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातल्या मायक्रोफोनपेक्षा तोंडापासून तीस सेंटिमीटरवर धरलेल्या मायक्रोफोनला तोच आवाज वीस डेसिबल अधिक मिळतो, आणि आजूबाजूचा गोंगाट मात्र दोघांनाही जवळपास सारखाच येतो. कॅमेऱ्यातला मायक्रोफोन भिंगाच्या मोटरची घरघर आणि हाताची खसखस टिपतो ती वेगळीच. पठारावरचा वारा तर मायक्रोफोनच्या पडद्यावर थेट आदळतो आणि कमी वारंवारतेचा असा दणका देतो की ध्वनिलहरीचे माथेच कापले जातात. एकदा कापलेला आवाज संकलनाच्या टेबलावर कोणत्याही गाळणीने परत येत नाही. स्पंजाची काळी टोपी घरात बोलणाऱ्याच्या श्वासाला पुरते, साताऱ्याच्या पठारावर नाही. ज्या वस्तूची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीपुढे नगण्य आहे तिच्या अभावी अख्ख्या दिवसाचे चित्रण टाकून द्यावे लागते, याची कल्पना छाननी करणाऱ्यांना नसेल तर ती करून देण्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

दृश्यापेक्षा आवाज महत्त्वाचा, असा वाद येथे घालायचा नाही. पण माहितीपटाचा इतिहास हलक्या कॅमेऱ्याइतकाच हलक्या ध्वनिमुद्रकाचा आहे, याचा विसर पडू नये. स्टीफन कुडेल्स्की यांचा खांद्यावर अडकवण्याजोगा नाग्रा-३ हा टेपरेकॉर्डर १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला, आणि त्यानंतरच रस्त्यावरच्या माणसाला त्याच्या जागी जाऊन, त्याच्या शब्दांत बोलते करणारा चित्रपट शक्य झाला. फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये केलेल्या ‘आय अॅम ट्वेंटी’तील तरुणांचे चेहरे आज लक्षात राहतात ते त्यांच्या बोलण्यामुळे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये पुन्हा ऐकू येतात, मधल्या काळात १९९७ चा रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबार होऊन गेला होता आणि घोगरेही राहिले नव्हते. त्या वेळी मुद्रण नीट झाले नसते तर पुढच्या चित्रपटाला आधार कशाचा मिळाला असता?

आता निविदेच्या अटींकडे वळावे, कारण खरी विसंगती तेथे आहे. केंद्रीय निधीतून होणाऱ्या खरेदीला सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १४९ नुसार ‘जेम’ या सरकारी खरेदी संकेतस्थळाचा मार्ग ठरलेला आहे, आणि तेथे अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर देणारा, म्हणजे ‘एल-वन’, जिंकतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते अटी ठरवण्याच्या पद्धतीत. अटी लिहिणारा लिपिक किंवा कनिष्ठ अध्यापक एखाद्या विक्रेत्याचे माहितीपत्रक समोर ठेवतो आणि त्यातील सर्वांत ठळक आकडा उचलतो. हा आकडा बहुधा मेगापिक्सेलचा असतो, आणि ‘किमान २४ मेगापिक्सेल’ ही अट अशा रीतीने चलचित्रणाच्या निविदेत येऊन बसते. वास्तविक फोर-के चित्रचौकट ३८४० गुणिले २१६० बिंदूंची, म्हणजे सुमारे ८.३ मेगापिक्सेलची असते. त्याहून अधिक बिंदूंचा उपयोग स्थिरचित्राला होतो, चलचित्राला मर्यादितच होतो. उलट कमी बिंदूंचा संवेदक अंधाऱ्या जागेत सहसा अधिक स्वच्छ चित्र देतो. सोनीचा एफएक्स-३ हा माहितीपटकारांत सर्रास वापरला जाणारा कॅमेरा सुमारे १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणून वरील अटीने तो बाद होतो, आणि लग्नाचे फोटो काढण्यासाठी बनवलेला एखादा स्वस्त कॅमेरा पात्र ठरतो. कंदिलाच्या उजेडात चाललेला रात्रीचा जागर टिपायला निघालेल्या पथकाच्या हाती तोच येतो.

गंमत अशी की याच वित्तीय नियमांतील नियम १४४ खरेदीच्या अटी संस्थेच्या मूळ गरजेपुरत्याच असाव्यात आणि त्यांत अनावश्यक वैशिष्ट्ये घुसवू नयेत, असे स्पष्ट बजावतो. चलचित्रणाच्या निविदेतील २४ मेगापिक्सेलची अट ही या नियमाच्या अर्थाने अनावश्यक वैशिष्ट्यच आहे, आणि विंडशील्ड ही मूळ गरज आहे. पण नियम दाखवून फाइल परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला तोच नियम दाखवून उत्तर देण्याची सवय या क्षेत्रातील मंडळींना अद्याप लागलेली नाही.

अटीत जे असायला हवे ते मात्र सहसा नसते. सलग चित्रण किती वेळ चालते, हा त्यातील पहिला प्रश्न. अनेक स्थिरचित्र-कॅमेरे एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी आपोआप थांबत, आणि त्याचे मुख्य कारण तांत्रिक नव्हते. तीस मिनिटे किंवा अधिक सलग चित्रण करणारे यंत्र युरोपीय संघाच्या सीमाशुल्क वर्गवारीत व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा शुल्क बसत असे, म्हणून उत्पादकांनी ही मर्यादा घातली होती. नव्या कॅमेऱ्यांतून ती बरीचशी गेली असली तरी संस्थांच्या कपाटांत जुने कॅमेरे आहेत, आणि तमाशातील एखादी वयोवृद्ध कलावंत फडाच्या आठवणींत रंगलेली असताना कॅमेरा मुकाट्याने बंद पडल्याचे मागाहून कळते. दुसरा प्रश्न जोडणीचा: तीन टाचण्यांची एक्सएलआर जोडणी, मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा देणारी फँटम पॉवर आणि हेडफोनसाठी खाच आहे की नाही. तिसरा, उन्हात प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर कॅमेऱ्यातच आहे की दर वेळी भिंगावर आटे फिरवत बसायचे. चौथा प्रश्न पंचवीस चौकटींच्या वेगाने, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या शटरवर चित्रण होते की नाही हा. भारतातील वीज पन्नास हर्ट्झची असल्याने साठाच्या हिशेबाने लावलेल्या कॅमेऱ्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहातील ट्यूबलाइट फडफडताना दिसते. साठवणुकीचा हिशेब तर तोंडी करता येण्याजोगा आहे: सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका तासाला ४५ गिगाबाइट लागतात, तर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा दोन वाहिन्यांचा आवाज तासाला जेमतेम एक गिगाबाइट घेतो. आवाज सर्वांत स्वस्तात साठतो आणि तरी त्यालाच एमपी-थ्रीमध्ये दाबून ठेवणारे आहेत. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘आयएएसए’ने, जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण सुचवून बराच काळ लोटला आहे.

ओव्यांच्याच प्रकल्पाकडे परत गेल्यास निवड किती बारकाईने करावी लागते ते दिसते. जात्याला दोघी समोरासमोर बसतात, खुंटा फिरतो तशी त्यांची शरीरे पुढेमागे होतात, दगडाची खोल घरघर अखंड चालू असते आणि ओवी त्या घरघरीवर स्वार होऊन येते. येथे पदराला लावलेला कॉलर माइक निकामी ठरतो, कारण पदर सरकतो, काकणे वाजतात आणि मंगळसूत्राचे मणी मायक्रोफोनवर टकटक आदळत राहतात. तो ओवीच्या शब्दांपेक्षा मण्यांचेच संकलन अधिक करतो. पत्र्याच्या किंवा कौलारू खोलीत लांब नळीचा शॉटगन माइकही फारसा कामाचा नाही, कारण भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या दिशाज्ञानाचा गोंधळ उडवतो. अशा जागी आखूड, सुपरकार्डिऑइड जातीचा मायक्रोफोन दोघींच्या मध्ये डोक्यावरून, चौकटीच्या किंचित बाहेर टांगणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि त्यासाठी लागतो तो एक बूम, एक स्टँड आणि पाच मीटर केबल. या तिन्ही वस्तू छाननीत ‘किरकोळ’ ठरतात, हे वेगळे सांगायला नको.

एकट्याने काम करणाऱ्यांना ३२ बिट फ्लोट पद्धतीच्या ध्वनिमुद्रकांनी मोठा आधार दिला आहे. या पद्धतीत पातळीची व्याप्ती इतकी मोठी असते की हळू बोलणे आणि मध्येच कडाडणारी हलगी किंवा संबळ ही दोन्ही एकाच मुद्रणात न फाटता येतात आणि पातळी नंतर लावता येते. २०२२ मधील झूम एफ-३ सारख्या दोन वाहिन्यांच्या छोट्या यंत्रात तर पातळीचे बटणच नाही. परंतु लांब ठेवलेला मायक्रोफोन, वारा किंवा मायक्रोफोनच्या स्वतःच्या क्षमतेबाहेरचा आवाज यांवर ही पद्धत उतारा नव्हे. शिवाय वेगळ्या यंत्रावर मुद्रण केले की दोन घड्याळांचा फरक पडतो: दहा दशलक्षांशांची तफावत तासाभरात ३६ मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे जवळजवळ एका चौकटीइतकी होते, त्यामुळे सुरुवातीला टाळी मारून न थांबता शेवटीही मारावी. बिनतारी संचांचे दुखणे निराळे आहे. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे संच जत्रेतील असंख्य मोबाइलच्या गर्दीत कमी अंतरावरच तुटू लागतात, आणि माणसाचे शरीर आड आले की आणखी लवकर. जुने यूएचएफ संच ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील असतील तर त्या पट्ट्याचा काही भाग जुलै-ऑगस्ट २०२२ च्या लिलावात दूरसंचार सेवेसाठी विकला गेला आहे, हे विसरून ते वापरणारे अजून आहेत. प्रेषकातच मुद्रण करून ठेवणारा संच असेल तर संपर्क तुटला तरी आवाज वाचतो, म्हणून खरेदीत ती सोय आधी पाहावी.

दोष केवळ छाननी समित्यांचा नाही. हेडफोन न लावता मुलाखत घेणारे, ध्वनिमुद्रक ४४.१ किलोहर्ट्झवर आणि स्वयंचलित पातळीवर तसाच ठेवणारे, मायक्रोफोनआधी गिंबल आणि ड्रोन मागणारे लोक याच क्षेत्रातले आहेत. त्यांनी पाठवलेल्या याद्या वाचूनच अधिकाऱ्यांची समजूत घडते. ज्याला आपल्या मागणीचे कारण दोन ओळींत लिहिता येत नाही त्याची मागणी कापली गेली तर दोष कोणाला द्यायचा? आणि मंजूर झालेले साहित्य तरी बाहेर कोठे पडते? नोंदवहीत चढलेला कॅमेरा विद्यार्थ्याच्या हाती आवाराबाहेर द्यायला विभागप्रमुख धजत नाहीत, कोकणात तर दोन पावसाळ्यांत कपाटातल्या भिंगावर बुरशी धरते, आणि मग निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करण्याचे काम तेवढे उरते.

तेव्हा पत्रलेखकांनी आणि इतरही वाचकांनी गाऱ्हाण्यापलीकडे जावे. पुढील प्रस्तावात मायक्रोफोन, विंडशील्ड, बूम, केबल, ध्वनिमुद्रक, हेडफोन, कार्डे आणि बॅटऱ्या या वस्तू आठ ओळींत न मागता ‘क्षेत्रीय ध्वनिमुद्रण संच’ या एकाच बाबीखाली, घटकांच्या तपशिलासह मागाव्यात, म्हणजे संच मोडून त्याचे अर्धे अवयव उपभोग्य ठरवण्याची सोय राहणार नाही. कॅमेऱ्याच्या संचातही किमान तीन बॅटऱ्या आणि कार्डे अशीच अंतर्भूत करावीत. विमानाने जायचे असल्यास प्रत्येक बॅटरी १०० वॉट-तासांच्या आतली मागावी, कारण त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, हातात न्याव्या लागतात. अटींत मेगापिक्सेलऐवजी सलग चित्रणाचा काळ, जोडण्या आणि चौकटींचा वेग लिहावा, प्रत्येक अटीपुढे तिचे कारण एका ओळीत द्यावे आणि हरकत आल्यास नियम १४४ चा हवाला देऊन लेखी उत्तर मागावे. साहित्य ताब्यात घेण्याआधी ते उघड्या मैदानावर, वाऱ्यात चालवून पाहण्याची अटही निविदेतच असावी.

ज्यांच्या याद्या शेऱ्यांसह परत आल्या आहेत त्यांनी त्या, संस्थेचे नाव झाकून, या मासिकाकडे पाठवाव्यात. त्यांवरून ध्वनी आणि चित्रण या दोन्हींसाठी मराठीत आदर्श तांत्रिक अटींचा मसुदा तयार करून तो पुढील आर्थिक वर्षाच्या खरेदीआधी वाचकांच्या हाती देण्याचा मानस आहे. प्रत्यक्ष वापरातील संचाचा तपशील, त्याचे वजन, एका दिवसाला लागलेल्या बॅटऱ्यांची संख्या आणि काय बिघडले हे सोबत लिहावे. विक्रेत्यांची माहितीपत्रके कृपया जोडू नयेत.