सायकल बंद करू नका, साइडपट्टी भरा!

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की दवाखान्यात सायकलवरून पडलेली मुले येऊ लागतात. कोणाचा गुडघा फुटलेला, कोणाचे कोपर खरचटलेले, क्वचित कोणाच्या मनगटाचे हाड मोडलेले. उपचार होतात, मूल घरी जाते. पण जाता जाता वडील आपला निर्णय सांगून जातात, "आता सायकल बंद!" मुलाची बंद झालेली सायकल महिन्याभरात पुन्हा सुरू होते. मुलीची होत नाही. शाळेच्या वेळेला एस.टी. नसते आणि चार-पाच किलोमीटर एकटीला पायी पाठवायला घरचे धजत नाहीत. मग सायकलीपाठोपाठ शाळाही सुटते. गुडघ्याची जखम आठ दिवसांत भरते, ही भरत नाही.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शासन सायकली देते, ते हे टळावे म्हणूनच. सायकल दिली हे चांगलेच झाले. पण ती चालवायला जागा कोठे दिली?

अपघात कसा होतो ते पाहा. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता उंच होतो, परंतु कडेची साइडपट्टी मुरूम टाकून बरोबरीला आणायची राहून जाते. कडेला चार बोटांची पायरी तयार होते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की मुलगी घाबरून सायकल खाली उतरवते. पुन्हा वर घेताना चाक त्या पायरीला घासते आणि तोल जातो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे नेमका ट्रककडे. यात मुलीचा हलगर्जीपणा कोणता? डांबरीकरणाचे काम साइडपट्टी भरल्याखेरीज पूर्ण झाले असे धरू नये आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल तोवर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी ग्रामसभेत ठराव करून तो बांधकाम खात्याकडे पाठवावा. एका पालकाचा अर्ज फायलीत पडून राहतो, गावाचा ठराव सहसा पडून राहत नाही.

"आम्हीही सायकलवरच शिकलो, आम्हाला कुठे काय झाले?" असे काही जण म्हणतात. खरे आहे. पण तेव्हा तासाभरात दोन गाड्या जात, आज मिनिटाला चार जातात. म्हणून घरानेही आपले काम केले पाहिजे.

सायकल डाव्या बाजूनेच चालवावी. समोरून गाडी दिसावी म्हणून उजवीकडून चालण्याचा सल्ला पायी जाणाऱ्यासाठी आहे, सायकलस्वारासाठी नाही. उजवीकडे वळताना आधी मागे पाहावे, हात दाखवावा, मगच वळावे. दोन्ही ब्रेक लागतात का, हे दर रविवारी पाहावे. ओढणी बांधून घ्यावी व चेनकव्हर काढून टाकू नये. मागे लाल रिफ्लेक्टर असावाच. हंगामात अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत तोच मुलीची खूण असतो. लहान भावंडाला कॅरिअरवर बसवल्यास त्याचा पाय चाकाच्या तारांत जाऊन टाच सोलवटते. अशी जखम भरायला महिना-महिना लागतो.

सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती कायद्यात नाही. तरीही ते घ्यावे, कारण मेंदूच्या गंभीर इजेचा धोका त्याने पुष्कळ कमी होतो. मोटारसायकलचे जड हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढवू नये. सायकलचे हलके हेल्मेट मिळते. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा.

मूल पडलेच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डोक्याला मार लागलेले मूल उठून चालते, बोलते आणि काही तासांनी त्याला उलट्या होतात किंवा गुंगी येते. आत रक्तस्राव होत असल्याची ही खूण असू शकते. "थकलाय, झोपू दे" म्हणून स्वस्थ बसू नका. दुसरी गोष्ट हँडलची. हँडलचे टोक पोटात रुतले तर वर जेमतेम वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड दुखावलेले असू शकते. पोट दुखू लागले, उलटी झाली किंवा चेहरा पांढरा पडला तर खायला-प्यायला न देता तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता बाळगू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच अशा माणसाला संरक्षण मिळाले आहे.

रोज आठ-दहा किलोमीटर सायकल मारणाऱ्या मुलीला वेगळ्या व्यायामाची गरज नसते. तिचे पाय, फुप्फुसे आणि आत्मविश्वास तिघेही बळकट होतात. तेव्हा पालकांनो, मुलगी पडली म्हणून सायकलला कुलूप लावण्यापूर्वी ती जिथे पडली तिथे एकदा स्वतः जाऊन या. बहुतेकदा दोष सायकलमध्ये नव्हे, तिथल्या कडेला सापडेल.