उतारा फ्रीजमध्ये आहे का?

शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासात रेखीव हनुवटी. ही जाहिरात आता बदलापूरच्या मांजर्लीतल्या मुलामुलींच्या मोबाइलवरही येऊन थडकते, आणि लग्नसराईच्या तोंडावर तिला भुलणारेही असतात. टोचतात ते बहुधा हायलुरॉनिक आम्लाचे जेल, म्हणजे फिलर. साधारण काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात ते जिरते, म्हणून ‘निर्धोक’ म्हणून खपते.

निर्धोक ते नाही. जेल चुकून रक्तवाहिनीत शिरले तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. कातडी पांढरी पडते, मग काळीनिळी होते, उपाय लांबला तर सडते. चेहऱ्याच्या वाहिन्या डोळ्यांच्या वाहिन्यांना जोडलेल्या असल्याने तेच जेल उलटे सरकून दृष्टी घालवू शकते. हे क्वचित घडते, आणि नाक व भुवयांमधली जागा यात सर्वांत धोक्याची. पण घडले तर हाती तास-दीड तास, कधी त्याहूनही कमी. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, लोकल वेळेवर सुटली (सुटते का?) तरी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत ती मुदत संपलेली असते. म्हणून जेल विरघळवणारे हायलुरॉनिडेज टोचणाऱ्याच्या हाताशीच हवे, आणि ते कसे, किती द्यायचे हे कळणारा डॉक्टरही. या औषधानेही गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. जेलच्या नावाखाली द्रव सिलिकॉन टोचले असेल, तर त्यावर हा उतारा चालतच नाही.

फॅशनसाठी चर्चेत असणाऱ्या उर्फी जावेदने जुलै 2025 मध्ये ओठांतले फिलर काढून घेतानाचा सुजलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ स्वतःच टाकला. त्यात फॅशनपेक्षा शहाणपण जास्त होते.

मुळात हनुवटीत खोट असते का? अमेरिकेत 2022 मध्ये 30 जणांवर झालेल्या अभ्यासात, फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत हनुवटी सरासरी 12 टक्के आखूड दिसली. कॅमेऱ्याचा दोष, आणि सुई माणसाला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच बजावले आहे, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिले म्हणजे सौंदर्योपचाराचे प्रशिक्षण झाले असे नव्हे. बजावून थांबला. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पण ती दवाखान्याची पाटी शोधते. स्वतःला डॉक्टर न म्हणवता कुणी पार्लरच्या मागच्या खोलीत सुई धरली, तर तो तिच्या नजरेत येणार कसा?

कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील स्थानिक संस्थांनी अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन अशा खोल्यांची तपासणी लग्नसराईआधी करावी. ग्राहकानेही तीन गोष्टी मागाव्यात: डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, समोर फोडलेले सीलबंद खोके आणि फ्रीजमधली हायलुरॉनिडेजची कुपी. यातली एकही दाखवायला कुणी कुरकुरले, तर आगाऊ रक्कम सोडून द्यावी आणि उठावे.