पाटी मराठीत आली, आता ती वाचताही यावी

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या किरकोळ व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्या अवधीत दुकानावरची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावायची होती. राज्य सरकारने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही हे बंधन घातले होते. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अटही त्यात होती. मुदत संपल्यावर मुंबईत महापालिकेचे कर्मचारी तपासणीला निघाले आणि पाट्या झपाट्याने बदलल्या.

मराठी ग्राहकाच्या हक्काचे हे काम व्हायलाच हवे होते. पण कुठल्याही बाजारपेठेतल्या रस्त्यावर पलीकडच्या पदपथावर उभे राहून या पाट्या वाचून पाहाव्यात. रोमन लिपीतले नाव डोळ्यांत भरते. त्याच्या वरचे किंवा शेजारचे मराठी नाव मात्र आडवे ताणलेले, उभे दाबलेले, कडेच्या पट्टीत कसेबसे कोंबलेले असते. कायदा पाळला गेला, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दुकान कशाचे आहे हे अजून नीट कळत नाही. ग्राफिक डिझाइनचे मुख्य काम ग्राहकाला न विचारता कळावे, हे आहे. आपल्याकडे मराठी मजकुराच्या बाबतीत नेमके तेच राहून जाते आणि त्यात व्यापाऱ्याचेच नुकसान होते.

आधी मापाचाच मुद्दा घेऊ. पाट्या करणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो: दहा फुटांवरून सहज वाचता यायला हवे असेल तर अक्षर एक इंच उंच हवे, चाळीस फुटांचा रस्ता ओलांडून वाचायचे असेल तर चार इंच. हा हिशेब रोमन कॅपिटल अक्षरांवर बसतो, कारण त्यांच्या वर-खाली काही नसते आणि पट्टीची सगळी उंची अक्षराच्या वाट्याला येते. देवनागरीचे तसे नाही. ‘कुर्ते’ एवढा एक शब्द घ्या. वर रफार आणि मात्रा, खाली उकार. एक फूट उंचीच्या पट्टीत हे सगळे बसवले की मधल्या अक्षराच्या अंगाला जेमतेम निम्मी उंची उरते. कागदोपत्री दोन्ही लिप्या सारख्या मापाच्या, पण डोळ्याला मराठी अर्ध्याने लहान. ‘अक्षरे लहान नसावीत’ या अटीत शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतची, म्हणजे मूळ अक्षराची उंची मोजायला हवी होती. ती मोजली असती तर आज रस्त्यांचा चेहरा वेगळा दिसला असता.

दुसरी अडचण साहित्याची. अॅक्रिलिकची अक्षरे कापून आत एलईडी लावतात तेव्हा रोमन अक्षरे सुटी सुटी कापता येतात. मराठी शब्द शिरोरेषेने जोडलेला, म्हणून तो एकसंध कापावा लागतो. ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या गाठी बारीक असतात आणि रात्री दिवा लागला की उजेडाने त्या भरून जातात. ‘ख’ची खालची जोडणी पुसट झाली की ‘खण’ हा ‘रवण’ होतो. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही: पाटीसाठी जाड पण आतल्या मोकळ्या जागा राखणारे वळण निवडायचे. पण त्यासाठी कोणीतरी अक्षराकडे पाहायला हवे.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही की ‘किराणा’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे सरकून ‘र’च्या डोक्यावर बसते, जोडाक्षरे फुटून पायमोडकी होतात. ‘पुऱ्या’ विकणाऱ्याच्या फ्लेक्सवर ‘पुर्या’ छापले जाते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दुसरीतल्या त्या आडव्या ‘ऱ’वाचून मराठी लिहिताच येत नाही. फोनवर, संगणकावर येणारा ‘ल’ आणि ‘श’ही बहुधा हिंदी वळणाचा असतो. लहानपणापासून शाळेत वेगळा ‘ल’ गिरवलेल्या डोळ्याला तो थोडा परका वाटतो, मग त्या पाटीवर आपुलकीचे कितीही शब्द लिहिलेले असोत.

हे असे का होते? इंग्रजी नाव ठरवायला बैठका होतात, डिझायनर चार-पाच पर्याय दाखवतो, रंग ठरतात, मग लोगो पक्का होतो. मराठी रूप शेवटच्या दिवशी डीटीपी ऑपरेटरकडे येते. त्याच्या हातात अर्धा तास असतो आणि संगणकात आधीपासून असलेला एखादा फॉन्ट. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ पाट्यांवर दिसतो तो असाच. हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले आणि पुढे पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे ते मोठे सुलेखनकार. पण त्यांनी तो संगणकाच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावा म्हणून केला होता. चार फुटांच्या बोर्डावर तो ताणून बसवणे हा त्या अक्षरांवरही अन्याय आहे.

डिझाइन म्हणजे शेवटी लावायची शोभा, असे मानणाऱ्या व्यापाऱ्याने ट्रॉपिकानाचे उदाहरण लक्षात ठेवावे. अमेरिकेत या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावर वर्षानुवर्षे एक चित्र होते, संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने खोके बदलले. संत्रे गेले, काचेच्या पेल्यातला रस आला, आडवे नाव उभे झाले. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुने खोके परत आणावे लागले. आतला रस तोच होता. दुकानातल्या लांबलचक फडताळासमोर काही सेकंद उभ्या राहणाऱ्या माणसाला आपला नेहमीचा रस ओळखता आला नाही, एवढेच घडले होते.

आपल्याकडचे उलट उदाहरण पार्ले-जीचे. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुडा आणि त्यावरचे गोबऱ्या गालांचे मूल. हे चित्र एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेचे मगनलाल दहिया यांनी काढलेले. ग्लुकोज बिस्किटे अनेकांनी काढली, नावेही मिळतीजुळती ठेवली, तेव्हा १९८०च्या दशकात कंपनीने ‘पार्ले ग्लुको’चे नाव बदलून ‘पार्ले-जी’ केले. पुड्याचा चेहरा मात्र सांभाळला. अक्षरओळख नसलेली आजीही दुकानात बोट दाखवून तोच पुडा मागते.

ओळख पटणे ही झाली पहिली पायरी. चूक होऊ न देणे ही त्याहून मोठी जबाबदारी. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवे आणि मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह २००१पासून छापले जाते. चौकोनात भरीव ठिपका, दोन्हींचा आकार आधी एकच होता, फरक फक्त रंगाचा. ज्यांना लाल-हिरव्या छटा वेगळ्या दिसत नाहीत त्यांच्या लेखी हे दोन ठिपके जवळजवळ सारखेच होते. (हे वैगुण्य बायकांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी जास्त आढळते.) उपास पाळणाऱ्या किंवा मांस न खाणाऱ्या माणसाला याचा केवढा त्रास! अखेर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांत तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला. एका आकाराच्या बदलाने रंग न कळणाऱ्या माणसालाही पाकीट वाचता येऊ लागले. हे सुचायला जवळपास दोन दशके लागली, कारण चिन्ह ठरवताना ते कोणाला दिसणार नाही, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

औषधांच्या पट्टीवर तो अजूनही विचारला जात नाही. चकचकीत चंदेरी कागदावर फिकट छपाई, अंतिम तारीख पट्टीच्या एकाच टोकाला. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या की बहुतेक वेळा तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. घरी साठीच्या पुढचे कोणी असेल तर चष्मा लावून, पट्टी दिव्याकडे तिरकी धरून नाव शोधण्याची कसरत रोजची आहे. प्रत्येक गोळीमागे नाव आणि तारीख ठळक छापणे तंत्राला अवघड नाही.

मराठीत चांगले डिझाइन होतच नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला भिंतीकडे बोट दाखवावे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले. त्याआधी तिथी, नक्षत्र, चंद्रोदय हे सारे पंचांगाच्या बारीक कोष्टकांत दडलेले असे आणि घटी-पळांचा हिशेब गुरुजींना विचारावा लागे. कालनिर्णयने हीच माहिती एका चौकटीत उतरवली आणि तिला मान ठरवून दिला. तारखेचा आकडा सर्वांत मोठा, दुरूनही दिसणारा. सुट्टी लाल. तिथी-नक्षत्र त्याखाली बारीक, जवळ येऊन वाचणाऱ्यासाठी. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ नेमकी त्याच चौकटीत, कारण त्या दिवशी घरात तोच प्रश्न विचारला जातो. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांचे सणही त्यात आले आणि दिनदर्शिका साऱ्या गावाची झाली. पान उलटले की लेख, पाककृती, राशिभविष्य. म्हणजे महिना संपला तरी पानाचा उपयोग संपत नाही.

त्या चौकटीत आणखी एक गोष्ट राहिली, रिकामी जागा. तिथे दुधाचा खाडा लिहिला जातो, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीवाल्याचे कपडे, भिशीचा हप्ता. प्रत्येक मोकळी जागा विकण्याचा किंवा सजवण्याचा मोह झाला असता तर ही सोय गेली असती. पुढे अनेकांनी दिनदर्शिका काढल्या, पण चौकटीची ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की मराठी घरात कालनिर्णय हे जवळजवळ कॅलेंडरचेच नाव होऊन बसले आहे. डिझाइनवर खर्च केल्याने धंद्याला काय मिळते, असे विचारणाऱ्याला पन्नास वर्षांची ही कमाई पुरेशी ठरावी.

नाटकांच्या जाहिरातींतही हेच घडले. वर्तमानपत्रात नाटकाच्या वाट्याला येणारी जागा काही सेंटिमीटरची, छपाई काळी-पांढरी, शेजारी दहा इतर नाटके. कमल शेडगे यांनी त्या एवढ्याशा जागेत नाटकाचे नाव असे रेखाटले की अक्षराच्या वळणावरूनच नाटक ऐतिहासिक आहे, गंभीर आहे की हलकेफुलके, हे प्रेक्षकाला कळावे. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी रंगभूमीच्या कितीतरी नाटकांची ओळख त्यांच्याच अक्षरांत साठवलेली होती. निर्मात्यांनी त्यांना काम दिले ते तिकिटे खपावीत म्हणून. देवनागरीच्या वेलांट्या, उकार, मात्रा त्यांच्या हाती अडचण म्हणून आल्या नाहीत. त्यांनी त्यातूनच नावाला चेहरा दिला.

लहान दुकानदाराला शेडगे परवडणार नाहीत, हे खरेच. पण आज त्याच्या हाताशी जे आहे ते पूर्वी कोणाकडेही नव्हते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या अक्षरकारांनी ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ असे देवनागरी फॉन्ट करून ते सर्वांना खुले केले आहेत. व्यवसायासाठीसुद्धा ते फुकट वापरता येतात. ‘मुक्ता’ साधा आणि सुवाच्य, तो दरपत्रकाला, बिलाला, पुड्यावरच्या मजकुराला चालतो. ‘बलू’ जाड आणि गोलाकार, पाटीवर शोभतो. म्हणजे पैशांची सबब आता उरलेली नाही. कमी पडते ती निवड करण्याची सवय.

आणि वगळण्याची. आजच्या फ्लेक्सवर दुकानाचे नाव, दोन देवांच्या तसबिरी, मालकाचा फोटो, तीन मोबाइल नंबर, पूर्ण पत्ता (दुकान समोर असतानाही), अकरा पदार्थांची यादी, ‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि मागे लाल-पिवळ्या रंगांची उधळण असते. स्कूटरवरून जाणाऱ्याला यातले काहीच वाचता येत नाही. हाताने पाट्या रंगवणारे पेंटर आधी खडू लावलेल्या सुतळीने रेषा मारत, अक्षरे मोजत, रस्ता ओलांडून जाऊन पाहत आणि मग ब्रश हातात घेत. शब्दागणिक मेहनत पडत असल्यामुळे ते गिऱ्हाइकाला विचारत, हे एवढे लिहायलाच हवे का? फ्लेक्स चौरस फुटाने विकला जातो, त्यामुळे हा प्रश्न विचारणारा माणूसच व्यवहारातून निघून गेला. आता तो दुकानदाराने स्वतःला विचारायचा आहे.

महापालिकांना आणि व्यापारी संघटनांना या कामी पुष्कळ करता येईल. पाटीची तपासणी करताना मराठी आहे की नाही एवढेच न पाहता अक्षराची मूळ उंची मोजावी. जोडाक्षरे फुटली असतील तर दंड न करता दुरुस्तीची मुदत द्यावी. सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एकेका बाजारपेठेतल्या पाट्या अभ्यासाचे काम म्हणून देता येतील; दुकानदाराला नीट पाटी मिळेल, विद्यार्थ्याला खरा ग्राहक. तोवर पाटी करून घेणाऱ्याने छपाईची ऑर्डर देण्याआधी मराठी नाव एका साध्या कागदावर, पाटीच्याच प्रमाणात लहान करून छापून घ्यावे, भिंतीला चिकटवावे आणि तितक्याच प्रमाणात मागे सरून वाचावे. शेजारच्या दुकानातल्या पोराला आणि घरातल्या आजोबांनाही वाचायला लावावे. दोघांपैकी एक जरी अडखळला तर फाइल परत डीटीपीवाल्याकडे पाठवावी. त्या टप्प्यावर बदलाचा खर्च एका कागदाएवढा असतो.